कच्च्या हुलग्यांचं कालवण

अक्का, काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कालवणात मी चिंच आधी घातली. हुलग्यांना उकळीसुद्धा आली नव्हती, तेव्हाच कोळ ओतला. तू असतीस तर माझ्या हातातली पळी हिसकून घेतली असतीस. शेजारची रुक्मिणबाई लसूण सोलत बसली होती. तिनं बघितलं आणि म्हणली, "कौसा, दुःखात हायस, भान न्हाई तुला." भान होतं. सोळा वर्षांत एवढं भान मला कधीच नव्हतं.

तू जाऊन नऊ दिवस झाले. माणसं येतात, चटईवर टेकतात आणि एकच सांगतात, वाघीण होती, एकटीनं अख्खी टोळी परतवली. मी मान हलवते, पाणी देते आणि आतून जळत राहते. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. कुणी काढलं हे शास्त्र? भांडण अर्ध्यात टाकून तू निघून गेलीस, आता ते मी कुणाशी करू? भिंतीशी?

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुला तुमी म्हणायची. तू थोरली जाऊ, मी धाकटी. तुझा माझ्या सगळ्यावर डोळा असायचा: भाकरीची कड, पदराची लांबी, चुलीत घातलेलं लाकूड. मी जिंतूरकडची, तोंडानं फटकळ. तू माझ्यापेक्षा दहा पट. आत्या, म्हणजे आपली सासू, दारात बसून म्हणायच्या, "दोन तलवारी एका म्यानात घातल्या बाई मी."

तुझ्याकडून मी शिकले असेन तर एवढं एकच, कडधान्याचं कालवण. घरात काही नसलं की करायचं ते. भाजी नाही, पीठ नाही, हाताला काम नाही, असं झालं की तू उतरंडीतली मडकी एकेक करून खाली उतरवायचीस आणि प्रत्येकात हात घालायचीस. दोन मुठी हुलगे, एक मूठ चवळी, मटकी असली तर मटकी. रात्री भिजत घालायचं. सकाळी जर्मलच्या मोठ्या भगुल्यात शिजत टाकायचं, वर जोंधळ्याच्या कण्या. लसूण आणि सुक्या मिरच्या दगडावर अशा ठेचायचीस की जणू त्यांनी तुझं काही केलंय. मग येसर. गहू, जोंधळा, हरभऱ्याची डाळ भाजून, धने-मिरची घालून जात्यावर दळलेलं पीठ, घरोघर वेगळं, आपलं सगळ्यांत जहाल. ते पाण्यात कालवून ओतलं की कालवण दाट व्हायचं, चुलीपाशी बसलेल्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी यायचं. आणि चिंच अगदी शेवटी, भगुलं उतरवायच्या घटकाभर आधी. आंबट आधी पडलं की दाणा शिजत नाही. तू म्हणायचीस, दाणा हट्टाला पेटतो.

माझी माय चिंच पाण्याबरोबरच टाकायची. तिचे दाणे कच्चे राहायचे आणि आम्ही ते तसेच चावून खायचो. मला ते कच्चे वाटायचेच नाहीत.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलं आणि आपल्या गावाला चळ लागला. ज्यांनी विद्यापीठ कधी डोळ्यानं बघितलं नव्हतं, ते म्हणायला लागले आमचं नाव गेलं. आपल्या वस्तीतलं तरी कोण शिकलं होतं तिथं? तू अंगठेबहाद्दर, मी सातवी नापास. पण नाव आपल्या माणसाचं होतं, म्हणून आपली छाती फुगली होती, आणि ती फुगलेली छातीच त्यांना खपेना. आधी दुकानदारानं मीठ देणं बंद केलं. मग गिरणी बंद. मग विहिरीवर माणूस बसवला. खुरपणीला यायचं नाही म्हणून निरोप आला. श्रावणाचे दिवस, रानात तण कमरेएवढं वाढलेलं, तरी आपल्याला बोलवायला कुणी तयार नव्हतं. ताडकळसच्या बाजारावरून आलेला माणूस सांगायचा, अमक्या गावात वस्ती जाळली, तमक्या गावात बाप्यांचे हातपाय मोडले. आपले बाप्ये नदीकडच्या रानात लपायला गेले. बाप्यांना मारतील, बायांना हात लावायचे नाहीत, असा सगळ्यांचा समज. कुठून आला होता हा समज, देव जाणे.

त्या दिवशी दुपारी कालवण मी केलं. तू आत्यांचे पाय चेपत होतीस. संघा माझी चार महिन्यांची, आत झोळीत झोपलेली. घरात सगळी मिळून उरलेली कडधान्यं मी भगुल्यात टाकली आणि आमच्या मायच्या सवयीनं चिंचही टाकली. दीड तास झाला, दाणा बोटात दाबला तर गोट्यासारखा. तू बाहेर आलीस. अंगणात चूल, चुलीवर भगुलं रटरटत होतं. पळीत दोन दाणे घेऊन तू दाबलेस आणि माझ्याकडे बघितलंस.

"चिंच कवा टाकलीस?"

"मघाशी."

"मघाशी म्हंजी कवा?"

"पाण्याबरूबर."

"तुझ्या मायनं शिकविलं का ह्ये? आता दिवसभर लाकडं जाळ. शिजायचं न्हाई ते."

"आमच्याकडं असंच करत्यात."

"मग तिकडंच जाऊन खा."

मी काहीतरी फाडकन बोलणार होते. काय ते आता आठवत नाही. कारण तेवढ्यात वरच्या आळीकडून आवाज आला. ओढ्याला पूर आला की लांबून येतो तसा, आधी नुसता घूं घूं, मग त्यात माणसांचे आवाज वेगळे ऐकू यायला लागले. कुणीतरी आईवरून शिवी दिली आणि पहिला दगड रुक्मिणबाईच्या कुडावर येऊन आदळला.

अक्का, ती सगळी माणसं आपल्या ओळखीची होती. मला अजून त्याचाच संताप येतो. परकी असती तर एक गोष्ट होती. ज्यांच्या रानात आपण उन्हातान्हात वाकलो, ज्यांच्या लग्नात उष्टी काढली, ते कुऱ्हाडी घेऊन आले. त्यांनी दाराच्या चौकटी तोडल्या. धान्याची मडकी लाथेनं फोडली, सांडलेल्या धान्यावर रॉकेल ओतलं, म्हणजे वेचूनही खाता येऊ नये. म्हातारा सटवाजी उंबऱ्यात बसून हात जोडत होता. त्याच्या जोडलेल्या हातांवरच काठी घातली. दोन्ही पंजे मोडले. तो आवाज मी ऐकला. कडब्याचं धाट मोडावं तसा बारीक आवाज, काही मोठा नव्हता.

आपल्या घराकडे किसन आला. वरच्या आळीचा, वीस-बावीस वर्षांचा, ज्याच्या शेतात आपण दोघी दर वर्षी खुरपायला जायचो. हातात कडब्याची पेटलेली पेंढी. मी चुलीपाशी, तू दारात. मी म्हणले, "किसन, लेकरू हाय आत." त्यानं माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. आणि पेंढी छपराच्या वळचणीला लावली.

पाचट भुरकन पेटलं. तू वळलीस आणि आत शिरलीस. आत्यांना ढकलून मागच्या दारानं बाहेर काढलंस आणि परत फिरलीस, झोळीकडे. किसन दुसऱ्या कोपऱ्याला पेंढी लावायला निघाला, म्हणजे तू ज्या दारातून येणार त्या दाराला. मी पदर हाताला गुंडाळला, भगुलं उचललं आणि त्याच्या तोंडावर फेकलं.

नुसतं ओतलं नाही, फेकलं. सगळ्या अंगाचा जोर लावून, भगुल्यासकट. जहाल येसर, मिरची, चिंच, उकळतं पाणी आणि ते दगडासारखे दाणे. त्याचा आवाज माणसाचा राहिलाच नाही. तो खाली बसला, दोन्ही हातांनी तोंड खरवडायला लागला, आणि खरवडेल तिथं कातडं निघायला लागलं. गालावर हुलगे चिकटलेले, त्यातून वाफ निघत होती. आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. आज कबूल करते, लय बरं वाटलं. हे मी सोळा वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

त्याला उचलायला दोघं धावले, बाकीचे थबकले. तेवढ्यात तू बाहेर आलीस, संघाला पोटाशी धरून. तुझे डाव्या बाजूचे केस जळत होते आणि तुला ते माहीत नव्हतं. मी हातानं विझवले. तुझ्या त्या बाजूला पुन्हा केस नीट आले नाहीत. आपण ओढ्यानं पळालो आणि जोंधळ्यात शिरलो. संघा रडायला लागली की तू तिच्या तोंडावर हात ठेवायचीस आणि परत काढायचीस, श्वास चाललाय का बघायला.

दिवस मावळायच्या आत परत आलो तेव्हा घर नव्हतंच. अंगणात चेपलेलं भगुलं पडलं होतं आणि मातीत हुलगे. आत्या आपल्या आधी येऊन बसल्या होत्या. त्यांनी मातीतला एक दाणा उचलला, पुसला, तोंडात टाकला आणि चावला. कडकन वाजला. मग माझ्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. मला वाटलं, ज्यांनी जाळलं त्यांची नावं विचारायला. त्यांनी विचारलं, हिरव्या लुगड्यातली बाई कोण? किसननं दवाखान्यात तेवढंच सांगितलं होतं. आपल्या दोघींच्या अंगावर हिरवी लुगडी, एकाच ताग्यातली, आत्यांनी घेतलेली. साहेब एकदा तुझ्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. संघा तुझ्या खांद्यावर होती. तू ती माझ्या हातात दिलीस, जणू धुणं धुवायला निघालीस, पदर खोचलास आणि म्हणलीस, "मी."

मी तोंड उघडलं. तू वळून माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की महिनाभर काळानिळा राहिला. आणि कानाशी म्हणलीस, "तुझ्या थानात दूध हाय. माझ्यात न्हाई. गप ऱ्हा."

हवालदारानं बयान लिहून घेतलं. काय फेकलं? कालवण. कशाचं? तू त्याला सगळं सांगितलंस, हुलगे किती, चवळी किती, लसूण किती, येसर कसं दळायचं. तो बिचारा लिहीत होता. त्यानं विचारलं, "चिंच?"

तू म्हणलीस, "चिंच अजून टाकली नव्हती. चिंच शेवटी असती."

अक्का, धन्य तुझी. खोटं बोलून दुसरीचा गुन्हा गळ्यात घालून घेतलास, पण दुसरीची चूक काही घेतली नाहीस.

तीन आठवड्यांनी तू जामिनावर सुटलीस. समोरचे दोन दात नव्हते आणि उजवं मनगट उलटं बसलं होतं. ठाण्यात काय काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस. आंघोळ घालताना मी तुझी पाठ बघितली, तुझे तळपाय बघितले. मी रडायला लागले तर तू म्हणलीस, "पाणी गार झालं, ओत." त्या दिवसापासून मी तुला तू म्हणायला लागले. तुमी म्हणायला जीभ वळेचना. त्या मनगटानं तुला पुन्हा भाकरी थापता आली नाही. सोळा वर्षं तुझी भाकरी मी थापली आणि सोळा वर्षं तू म्हणलीस, कड जाड राहिली.

इथंवर सगळं ठीक. इथंवर मी तुझ्या पायाची धूळ होते. पण पुढं काय झालं ते आठव.

सभा सुरू झाल्या. परभणीहून पोरं यायची, तुला स्टेजवर बसवायची, गळ्यात हार घालायची. तू आधी लाजायचीस. मग सांगायला लागलीस. पहिल्या वर्षी एक माणूस होता. तिसऱ्या वर्षी तीन झाले. पाचव्या वर्षी तू भगुलं एका हातात आणि विळा दुसऱ्या हातात धरला होतास. विळा कुठून आला गं? आणि दर वेळी ते एक वाक्य, "माझी धाकटी जाऊ लेकराला घेऊन पळाली, तिचा जीव तो केवढा." बायका माझ्याकडे कनवाळूपणानं बघायच्या. भित्री बिचारी. मी पुढच्या रांगेत बसून संघाला मांडीवर घ्यायचे आणि माझे दोन्ही तळहात आगीत धरल्यासारखे व्हायचे. भगुलं धरताना भाजले होते ते. डाग आहेत अजून. कुणी विचारलं की सांगायचे, चुलीवर भाजलं.

खटला सात वर्षं चालला. तारखेला आपण दोघी एस.टी.नं जायचो, खिडकीची जागा तुला. शेवटी किसन पिंजऱ्यात उभा राहिला. एक डोळा गेलेला, अर्धा चेहरा आवळलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. वकिलानं विचारलं, हीच का ती बाई? त्यानं तुझ्याकडे बघितलं आणि म्हणला, "ही न्हाई."

कोर्टात कुजबूज झाली. जजसाहेबानं परत विचारलं. तो परत म्हणला, "ही न्हाई. ही नव्हती." आणि त्याची नजर फिरत फिरत बाकावर माझ्यापर्यंत आली. मी पदर नाकापर्यंत ओढला. आणि तू काय केलंस? तू त्याच्यावर खेकसलीस, "नीट बघ की रे, सात वर्सं झाली चकरा मारायलीय मी." साहेबसुद्धा हसला. तू सुटलीस. गावात म्हणाले, किसन भ्यायला, नाहीतर शरमला. खरं बोललाय असं एकाच्याही मनात आलं नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुला म्हणले, "अक्का, खटला मिटला. आता सांगू दे मला."

"कशापायी?"

"माझं हाय ते."

"लोकांला एक बाई पायजे हुती, भेटली. आता बदलून काय करतीस?"

तेव्हा मी ते बोलले. "तुला हार आवडाया लागलेत."

तू मारलीस मला. मोडक्या मनगटानं, कानाखाली. मला लागलं त्यापेक्षा तुला जास्त लागलं. मनगट धरून तू खाली बसलीस, आणि मी हळद आणायलासुद्धा उठले नाही. तो विषय तिथं बंद झाला, तो नऊ वर्षं उघडला नाही. एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, एकमेकींच्या डोक्यातल्या उवा काढल्या. पण तेवढं सोडून.

किसन मला एकदा ताडकळसच्या बाजारात भेटला होता, हे तुला सांगितलं नाही. मिरचीवालीपाशी. मी पळणार होते, तोच म्हणला, "थांब. मी काय करत न्हाई." चांगल्या डोळ्याची बाजू माझ्याकडे करून उभा राहिला. म्हणला, "कानातनं तीन दाणे काढले दवाखान्यात. कच्चे. तुझ्या जावंच्या हातचं मी लहानपणी रानात चोरून खाल्लंय, तिचा दाणा कच्चा नसतोय."

मी म्हणले, "मग माझं नाव का न्हाई घेतलंस?"

"तुझं घेतलं असतं तर माझ्या हातात काय हुतं तेबी सांगावं लागलं असतं."

माफी मागितली नाही त्यानं. मीही नाही. त्यानं मिरच्या घेतल्या नाहीत, तसाच गेला. मी अर्धा शेर घेतल्या आणि एस.टी.त बसून रडले, कशासाठी ते मलाही ठाऊक नाही.

आणि दर श्रावणात, वस्ती जाळली त्याच दिवशी, तू त्याच चेपलेल्या भगुल्यात कालवण करायचीस आणि सगळ्या वस्तीला वाढायचीस. मऊ, लोण्यासारखा दाणा. त्या दिवशी मी पळीला हात लावायची नाही. पोटात दुखतंय म्हणून पडून राहायची. तुला कळत होतं. तू वाटी माझ्या उशाशी आणून ठेवायचीस आणि जायचीस. संध्याकाळी मी ती थंडगार प्यायची. आता हे लिहितेय तेव्हा वाटतं, ती वाटी म्हणजेच तुझं बोलणं होतं. तेव्हा मला ते हिणवणं वाटायचं.

यंदा संक्रांतीला विद्यापीठाचं नाव झालं. जुनंही ठेवलं, आपलंही लावलं. परत कुठं कुठं दगड पडले, परत वस्तीतल्या बायांनी गाठोडी बांधून दारात ठेवली. तू अंथरुणावर, धाप लागलेली, आणि मला म्हणतेस, "भगुलं चुलीवर ठेव. पाणी तरी उकळत ऱ्हाऊ दे." मी ठेवलं. दिवसभर पाणी उकळत राहिलं, कुणी आलं नाही. मग तू म्हणलीस, जाळ लावलाच हाय तर कालवण कर. मी केलं. तुझ्यासारखं, चिंच शेवटी. तू दोन घोट घेतलेस आणि म्हणलीस, "आता जमलं."

तेव्हा बोलायचं होतं मला. तोंडापर्यंत आलं होतं, हारांचं बोलले ते चुकले अक्का. आणि मी काय विचारलं? "मीठ कमी हाय का?" तू म्हणलीस, "न्हाई. बरूबर हाय." पुढच्या आठवड्यात तू गेलीस.

काल अंगणात मांडव होता. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग भाषणं. तालुक्याहून आलेला एकजण बोलला, त्याच्या गोष्टीत तू पाच जणांना भाजून काढलंस. मी चुलीपाशी होते. भगुलं तेच, चेपलेलं. वाढायला घेतलं. माणसं पहिला घास खाऊन थांबली. दातांचे आवाज यायला लागले. लोकांना वाटलं असेल, दुखवट्यात बोलू नये. शेवटी रुक्मिणबाईच म्हणली, "कौसा, दाणा शिजला न्हाई गं."

मी म्हणले, "त्या दिवशीबी शिजला नव्हता."

"कोन्या दिवशी?"

"वस्ती जाळली त्या दिवशी. अक्काच्या हातचा दाणा कच्चा राह्यलेला कुणी खाल्लाय का आजवर? सांगा. ते कालवण माझ्या हातचं हुतं. मीच केलं आन् मीच फेकलं."

तालुक्याचा तो माणूस वाटी हातात धरून तसाच राहिला. मी पदर सोडला आणि दोन्ही तळहात उघडून दाखवले. मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. नाही वाटलं. कारण आत्या कोपऱ्यात बसल्या होत्या, आता दिसत नाही त्यांना, एकही दात नाही. त्यांनी हिरड्यांत दाणा घोळवला, तळहातावर काढला, बोटानं चाचपला आणि म्हणल्या, "हाच त्यो दाणा. म्या तवाच वळखला हुता. थोरली म्हणली, आत्या, बोललात तर माझं मेलेलं तोंड बघाल. बघितलं मी."

मग संघा उठली. सोळाव्यात आहे आता, दहावीला बसलीय, तुझी लाडकी. तोंड पांढरं पडलं होतं. मला म्हणली, "आई, तू भगुलं फेकलंस, मग मला आगीतनं कुणी काढलं?"

अक्का, तिथं मला कळलं. सोळा वर्षं मी एकच धरून बसले होते, तू माझं घेतलंस, तू माझं घेतलंस. तू बाहेर राहून भगुलं फेकलंस असं सांगितल्यावर, आगीत तूच शिरलीस हे तुला सांगता येत नव्हतं. माझं केलेलं घेताना तू तुझं केलेलं मला देऊन टाकलंस. लेक मोठी झाली ती आईनं वाचवलं असं मानून. तिच्या प्रत्येक मिठीत तुझा वाटा होता, तो मी एकटीनं खाल्ला. तुझ्या डोक्याची ती जळकी बाजू रोज विंचरायचे मी, आणि एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही.

मी म्हणले, "मोठीआईनं. छप्पर पेटलेलं असताना आत शिरली. तिचे केस जळायले हुते आन् तुला पोटाशी धरलेलं."

मला वाटलं, संघा आता माझ्याशी बोलणं सोडेल. ती चुलीपाशी आली, तुझी वाटी घेतली, काठाला चीर गेलेली तुझी, आणि माझ्यापुढं धरली. मी वाढलं. ती तुझ्या फोटोसमोर मांडी घालून बसली आणि एक एक दाणा चावून खायला लागली. लोक उठले, मांडव सुटला, तरी ती खातच होती. एकही दाणा तिनं टाकला नाही.